आई ‘हो’ म्हणाली, तरी तो व्हिडिओ टाकायचा नव्हता

हे पत्र नाशिकहून आलं आहे. लिहिणारी मुलगी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे आजार, इजा किंवा अपंगत्व असलेल्यांना रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या उपचाराच्या, शेवटच्या वर्षाला आहे. घर सिडकोत असल्यामुळे तिने क्लिनिकल प्लेसमेंट नाशिकमध्ये मागून घेतली. सकाळी हॉस्पिटल, दुपारी मुलांचं थेरपी सेंटर. सेंटरमध्ये तिच्याकडे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेला पाच वर्षांचा एक मुलगा आहे. एके दिवशी त्याने जाड मुठीचा चमचा स्वतः धरून वरणभाताचा घास तोंडापर्यंत नेला. हिने व्हिडिओ काढला, आईला विचारलं, आई म्हणाली, ‘टाका की, ताई.’ व्हिडिओ स्टेटसला गेला, इन्स्टाग्रामवरही गेला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडमनी तिला इतर पालकांसमोर झापलं आणि मध्यावरच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘व्यावसायिक वर्तन : सुधारणा आवश्यक’ असा शेरा मारला. त्यानंतर त्याच आईने द्राक्षांची पेटी आणून दिली आणि हळूच विचारलं, ‘संध्याकाळी घरी येऊन शिकवाल का? पैसे देऊ.’ पत्राच्या शेवटी ती लिहिते : ‘ताई, कधीतरी मला उशीर होत असेल, पण पेशंटसाठी मी जीव तोडून काम करते. माझं नेमकं काय चुकलं? आणि प्लेसमेंट बदलून घेऊ का?’

अगं, तू जीव तोडून काम करतेस हे पत्रातच दिसतं. त्या मुलाने चमचा कसा पकडला, मनगट किती वळलं, कोपर टेबलावर टेकवून दिल्यावर हाताची थरथर कशी कमी झाली, यावर तू जवळजवळ पानभर लिहिलं आहेस. नुसत्या मार्कांसाठी पोस्टिंग करणाऱ्याला हे दिसतच नाही. तुझ्या मनाबद्दल मला शंका नाही. पण मन साफ असलं की वागणं आपोआप बरोबर होतं, असं तू धरून चालली आहेस. तसं होत नाही. आपल्या कामात तर मुळीच होत नाही.

आपण माणसाच्या आयुष्यात कुठवर शिरतो ते बघ. संडासला एकट्याने जाता येतं का, ब्लाउजचे हूक कोण लावून देतं, रात्री अंथरूण ओलं होतं का, घरात पैशाचे व्यवहार अजून तुमच्याच हातात आहेत का. असले प्रश्न आपण पहिल्या भेटीत विचारतो, आणि सख्ख्या भावाला जे सांगितलं नसतं ते माणूस आपल्याला सांगतो. हे इथून बाहेर जाणार नाही एवढ्या एकाच भरवशावर सांगतो. तो भरवसा तुटला की पुढच्या वेळी तो ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल, आणि आपण चुकीच्या माहितीवर उपचार ठरवू. म्हणून वर्तनाच्या रकान्यातल्या शेऱ्याला ‘बाकी काम चांगलं आहे ना’ म्हणून बाजूला सारू नकोस. वागणं हाच आपल्या उपचाराचा पाया आहे.

आता व्हिडिओ. आई ‘टाका की’ म्हणाली तेव्हा तिच्यासमोर कोण उभं होतं? तिच्या मुलाला रोज हाताळणारी तू. नाही म्हटलं तर ताईंना वाईट वाटेल, उद्या मुलाकडे लक्ष कमी देतील, ही भीती ती कधी बोलून दाखवणार नाही, पण ती असते. दिंडोरीहून बस पकडून मुलाला कडेवर घेऊन येणाऱ्या बाईला तर जास्तच असते. शिवाय ‘टाकू’ म्हणजे कुठे, कोण बघणार, किती दिवस राहणार, हे तिला सांगितलं होतंस का? पत्रात तरी तसं काही नाही. मान डोलावली म्हणजे संमती झाली असं नसतं. कशासाठी हवंय, कुठे दिसेल, नंतर नकोसं वाटलं तर काय करायचं, हे तिला कळेल अशा भाषेत सांगायचं. ‘नाही म्हणालात तरी थेरपीत काडीचा फरक पडणार नाही’ हे स्पष्ट बोलायचं. घरी जाऊन विचार करायला वेळ द्यायचा आणि मग कागदावर सही घ्यायची. ती सही घेणारीही तू नाहीस, सेंटर आहे. आपण ‘माझा पेशंट’ म्हणतो, पण जबाबदारी तुझ्या सुपरवायझरची असते. त्यांच्या नोंदणीच्या आधारावर तू त्या मुलाला हात लावतेस.

चेहऱ्यावर स्टिकर लावला होता म्हणतेस. नाशिक अजून इतकं मोठं झालेलं नाही. सेंटरची रंगवलेली भिंत, शाळेचा गणवेश, मागून येणारा आईचा आवाज, यातलं एक जरी कुणी ओळखलं तरी पुरे. माझ्या पाहण्यातली एक आई मुलाला थेरपीला आणायची आणि सासरी ‘चित्रकलेच्या क्लासला नेते’ असं सांगायची. त्या सेंटरच्या जाहिरातीत मुलाचा पाठमोरा फोटो छापला गेला. नणंदेने तो ओळखला, डोक्यावरच्या दोन भोवऱ्यांवरून. घरात काय झालं ते मला नीटसं कळलं नाही, पण ते मूल त्यानंतर आलं नाही, आणि तेव्हा ते नुकतं आधाराशिवाय बसायला लागलं होतं. स्टेटस चोवीस तासांत जातं खरं, पण स्क्रीनशॉट जात नाही. आणि तो मुलगा आज पाच वर्षांचा आहे, उद्या पंधराचा होईल. गालाला भात लागलेला तो व्हिडिओ त्याच्या वर्गातल्या पोरांच्या हाती पडावा का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

कायदाही माहीत असू दे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटची गुप्तता हा त्याचा हक्क ठरवला आहे, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो संमतीशिवाय माध्यमांकडे जाऊ देता येत नाही. मानसोपचार वॉर्डाची पोस्टिंग आली की हे तुला पदोपदी लागेल.

आता करायचं काय? व्हिडिओ दोन्हीकडून काढला असशीलच. गॅलरीतून आणि बॅकअपमधूनही काढ. मैत्रिणींच्या ग्रुपवर गेला असेल तर तिथूनही काढायला लाव. मग मॅडमची परवानगी घेऊन, त्यांच्यासमोरच, मुलाच्या आईशी बोल. लांबण लावायची गरज नाही. ‘मी तुम्हाला विचारलं खरं, पण नीट समजावून सांगितलं नव्हतं. सेंटरची परवानगीही घेतली नव्हती. व्हिडिओ सगळीकडून काढून टाकला आहे. तुम्हाला यामुळे काही त्रास झाला असेल तर मॅडमना किंवा मला सांगा.’ एवढं पुरे. तिथे रडू नकोस. तू रडलीस की ती बिचारी तुझीच समजूत घालत बसेल.

प्रगती दाखवायला व्हिडिओ लागतो हे मलाही मान्य आहे. महिन्यापूर्वीची पकड आणि आजची पकड शेजारी शेजारी बघितल्याशिवाय पालकांना फरक पटत नाही. मग तो सेंटरच्या कॅमेऱ्यावर, लेखी संमतीने काढावा आणि फाइलमध्येच राहावा. कॉलेजच्या केस प्रेझेंटेशनला वापरायचा असेल तर परवानगी वेगळी घ्यायची. नाव, गाव, शाळा काढायचीच, पण ‘पाथर्डी फाट्याजवळच्या रिक्षावाल्याचा धाकटा’ असल्या खुणाही काढायच्या. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्स-रे टाकताना कोपऱ्यातलं नाव तसंच राहतं, हे तर मी वरचेवर बघते. सिटीलिंकच्या बसमध्ये मैत्रिणीला दिवसभराच्या गमती सांगताना पुढच्या सीटवर पेशंटची मावशी बसलेली असू शकते. बसमध्ये पेशंटचा विषय काढायचाच नाही, एवढा साधा नियम ठेव.

घरी जाऊन शिकवण्याचं म्हणशील, तर उत्तर नाही असंच आहे. फुकट शिकवायलासुद्धा नाही. चार वर्षांचा अभ्यास, सहा महिन्यांची इंटर्नशिप, त्यानंतर नोंदणी. मग स्वतःच्या नावावर पेशंट घ्यायचे. त्याआधी तू जे करतेस ते कुणाच्या तरी देखरेखीखालीच करू शकतेस. हा कागदी अडसर आहे असं वाटत असेल तर त्याच मुलाचं जेवण डोळ्यासमोर आण. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत घास श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका असतो, आणि काही मुलांना तेव्हा खोकलासुद्धा येत नाही. मान मागे गेली, घास जरा पातळ झाला, मूल हसलं, एवढंही पुरतं. सेंटरमध्ये आवाज बदललेला मॅडमच्या कानावर पडतो, घशात अडकलेलं ओढून काढणारं सक्शन मशीन हाताशी असतं किंवा निदान धावून येणारं कुणी असतं. त्यांच्या घरात तू एकटी असशील, आणि दारात पैसे मोजून दिलेले सासरे उभे असतील. काही झालं तर त्या बाईच्या बाजूनेही कुणी उभं राहणार नाही, तुझ्याही नाही.

पण तिने विचारलं ते उगाच नाही. येण्याजाण्यात तिचा अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते. ही खरी अडचण आहे आणि ती ऐकून घेणं आपल्या कामातच येतं. ‘मी अजून शिकते आहे, एकटीने घरी येऊन थेरपी देता येत नाही. पण तुम्हाला रोज येणं जड जातंय हे मी मॅडमना सांगते, आपण तिघी बसून मार्ग काढू’ असं तिला सांग, आणि मग खरोखर मॅडमकडे जा. घरी करायचा कार्यक्रम त्यांच्याकडून तपासून लिहून दे, शक्यतो चित्रांसकट : पाटावर कसं बसवायचं, पाय टेकायला खाली काय ठेवायचं, घरातल्या चमच्याला कापडाची मूठ कशी गुंडाळायची. येण्याचे दिवस कमी करता येतात का ते विचार. मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, निघालंय का, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेबद्दल तिला कुणी सांगितलंय का, तेही विचार. त्या योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण असतं आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत तपासणी आणि उपचार मोफत असतात, हेही पुष्कळ पालकांच्या कानावरच आलेलं नसतं. घरी जाऊन चोरून दिलेल्या दहा तासांपेक्षा त्या घराला याचा उपयोग जास्त होईल.

द्राक्षांचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. हंगामात दिंडोरीची बाई रिकाम्या हाताने येणारच नाही, आणि पेटी परत केलीस तर तिला तो अपमान वाटेल. मॅडमना सांगून पेटी सगळ्यांसाठी ठेवायची, मावशींपासून वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांना वाटायची आणि ‘सगळ्यांनी खाल्ली’ असं तिला सांगायचं. त्र्यंबकचा प्रसाद आला तर हात पुढे करून घ्यायचा. पैशाचं पाकीट, साडी किंवा मोबाईलचा रिचार्ज आला तर मात्र हात जोडून परत. वेळ बदलून द्या, आमचं आधी घ्या, अशी मागणी मागोमाग येणार असं वाटलं तर द्राक्षंसुद्धा नाहीत.

मॅडमनी तुला इतर पालकांसमोर झापलं, ते मला पटलेलं नाही. चूक तिथल्या तिथे थांबवायची असते, पण खरडपट्टी दार लावून काढायची असते. विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं की पालकांचाही त्याच्या हातावरचा विश्वास उडतो, आणि मग थेरपीचं नुकसान होतं. त्यांचं वागणं चुकलं आणि त्यांचा मुद्दा बरोबर होता, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. वागणं चुकलं म्हणून मुद्दा सोडून द्यायची सवलत तुला मिळत नाही.

त्या शेऱ्याचं काय करायचं ते सांगते. ‘सुधारणा आवश्यक’ या दोन शब्दांवर कुणीच सुधारू शकत नाही, म्हणून नेमकं विचारायचं. मॅडमकडे वेळ माग. पेशंट संपल्यावर, दहा-पंधरा मिनिटं, खोलीत. आत गेल्यावर आधी व्हिडिओबद्दल तू काय काय निस्तरलं आहेस ते सांग. मग म्हण, ‘हा शेरा कोणकोणत्या प्रसंगांवरून आहे ते मला कळलं तर पुढच्या दोन आठवड्यांत मी त्यावर काम करेन.’ त्या बोलतील ते लिहून घे. मध्येच ‘पण मॅडम’ म्हणू नकोस, शेवटी एकदाच बोल. बाहेर पडण्याआधी, पुढच्या मूल्यमापनाला काय दिसलं तर हा शेरा बदलेल, एवढं मात्र नक्की विचार. आणि निघताना, आवाज न चढवता, ‘माझं चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगाल का, पालकांसमोर ऐकून नंतर माझे हात चालत नाहीत’ असंही म्हणून बघ. सुपरवायझरशी असं बोलणं उद्धटपणाचं नाही. मध्यावर मूल्यमापन ठेवतात ते याच बोलण्यासाठी.

माझा अंदाज असा की त्या प्रसंगांच्या यादीत व्हिडिओ एकटा नसेल. ‘कधीतरी उशीर होत असेल’ हे तू जाता जाता लिहून गेली आहेस. द्वारका चौकात गाडी अडकली की काय होतं ते मलाही माहीत आहे. पण ऑटिझम असलेलं मूल साडेतीनला तयार असतं, आणि पावणेचारपर्यंत त्याचा दिवस बिघडलेला असतो. उशीर होणार हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी फोन करायचा, पोचल्यावर कारणं द्यायची नाहीत. दागिने, लांब नखं, लोंबती कानातली, ओढणी यांबद्दल कॉलेजात ऐकलंच असशील. मुलं कानातली ओढतात, ओढणी व्हीलचेअरच्या चाकात जाते, नखाने नाजूक कातडी सोलते; त्या नियमांमागे याहून मोठं काही नाही.

तुझ्या सकाळच्या हॉस्पिटलबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस, पण वर्तनाची खरी परीक्षा मला तिथेच दिसते. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनखाली हात सापडलेला कामगार तुझ्यासमोर येतो. नस तुटलेली, बोटांना स्पर्श कळत नाही. त्याला स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारी पट्टी, बनवायची आहे. प्लास्टिकची शीट साधारण ६५ ते ७५ अंशांच्या पाण्यात मऊ होते. ती बाहेर काढायची, टॉवेलने टिपायची, आधी स्वतःच्या हातावर लावून बघायची, मग त्याच्या हातावर ठेवायची. घाईत मधली पायरी गाळलीस तर तो ‘चटका बसला’ म्हणणार नाही, कारण त्याला तो कळणारच नाही. दुसऱ्या दिवशी फोड दिसेल. ही चूक कौशल्याच्या रकान्यात टाकायची की वर्तनाच्या? मला तरी ती वर्तनाचीच वाटते. ज्याला दुखलेलं सांगता येत नाही त्याच्यासाठी आपण किती थांबतो, हेच तिथे दिसतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला मनापासून सांगायची आहे. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुराला ‘ए, हात वर कर’ आणि गंगापूर रोडवरून आलेल्या काकांना ‘सर, जरा हात वर कराल का’ हे मी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मुलं वाईट नव्हती. वॉर्डात सगळे तसंच बोलतात म्हणून तीही बोलत होती. तू बोलू नकोस. मोठ्या माणसाला अहो-जाहो, मग तो कुणीही असो. ‘सात नंबरचा स्ट्रोक’ नको, नावाने हाक मार. पेशंट समोर बसलेला असताना त्याच्या मुलाला ‘यांना आंघोळ कोण घालतं?’ असं विचारू नकोस, त्यांनाच विचार. बोलायला वेळ लागला तर लागू दे. नऊवारी नेसणाऱ्या आजींना एका हाताने कपडे घालायला शिकवायचे असतील तर ‘गाऊन घालत जा’ हा सल्ला द्यायच्या आधी आजींना काय नेसायचंय ते विचार. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याला बोटं किती अंश वाकली यात रस नसतो, माग कधी चालवता येईल ते हवं असतं. आपलं सगळं काम त्याच्या त्या प्रश्नापासून सुरू होतं.

हात लावण्याआधी सांगायचं, पडदा ओढायचा. कपड्यांचं किंवा संडास-बाथरूमचं शिकवताना, विशेषतः पुरुष पेशंट असेल तर, सोबत कुणीतरी हवं. नसेल तर ते काम पुढे ढकलायचं. ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली तर ‘मी विद्यार्थिनी आहे, ऑक्युपेशनल थेरपी शिकते, मॅडमच्या देखरेखीखाली काम करते’ हे प्रत्येक नव्या पेशंटला सांगायचं. विद्यार्थ्याकडून उपचार नकोत असं म्हणण्याचा त्याला हक्क आहे, आणि कुणी तसं म्हटलं तर तोंड पाडायचं नाही. कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तरी आपल्याकडे अजून ‘व्यायामवाल्या मॅडम का?’ असंच विचारतात. त्यामुळे आपण कोण हे सांगायची सवय आतापासूनच लागलेली बरी. नोंदी त्याच दिवशी लिहायच्या, आणि जे केलं तेवढंच लिहायचं. वीस मिनिटं झाली तर वीस. ‘पेशंटने सहकार्य केलं नाही’ असं लिहिण्याआधी त्याला दुखत होतं का, तो उपाशी होता का, ते बघायचं.

आज्ञाधारक राहायचं म्हणून गप्प बसू नये अशाही जागा आहेत. एखाद्या मुलाच्या अंगावर न पटणारे वळ दिसले, किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर ‘मी काय, विद्यार्थिनी’ म्हणून सोडायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली असा संशय पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. सुपरवायझरला लगेच सांगायचं, आणि त्यांनी टाळाटाळ केली तरी गोष्ट तिथे संपत नाही. पेशंट, नातेवाईक किंवा वरिष्ठ यांच्यापैकी कुणी तुझ्याशीच गैर वागलं तर लैंगिक छळविरोधी २०१३ चा कायदा शिकाऊ म्हणून काम करणाऱ्यांनाही संरक्षण देतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत, अंतर्गत समितीकडे, लेखी करायची. ‘पोस्टिंगचे मार्क त्यांच्या हातात आहेत’ म्हणून सोसलेलं मी पाहिलं आहे. ते सोसायचं नसतं, आणि ते सांगणाऱ्या मुलीच्या व्यावसायिक वर्तनात काहीही कमी नसतं.

राहिला प्लेसमेंट बदलण्याचा प्रश्न. आत्ता बदलू नकोस. जागतिक ऑक्युपेशनल थेरपिस्ट महासंघाच्या किमान निकषांत प्रत्यक्ष कामाचं शिक्षण निदान १००० तासांचं आहे; मध्येच पोस्टिंग सोडली तर तुझे तास तुटतील, आणि तो शेरा जसा आहे तसाच फाइलमध्ये राहील. शिवाय त्या मुलाला तुझ्या हाताची सवय झाली आहे. मॅडमशी बोल, दोन आठवडे थांब. त्यानंतरही पालकांसमोर अपमान होत राहिला, किंवा विचारूनही शेऱ्याचं कारण मिळालं नाही, तर तारखा आणि प्रसंग लिहून कॉलेजमधल्या प्लेसमेंटच्या शिक्षकांना मेल कर, आणि मेल पाठवलाय हे मॅडमनाही सांग. ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी तू घेणार आहेस ते इथेच म्हसरूळला आहे, म्हणून घाईघाईत थेट तिकडे धाव घेऊ नकोस. आधी कॉलेजची पायरी. व्हिडिओचा विषय मेलमध्ये लपवू नकोस. पहिल्याच परिच्छेदात तो घाल आणि तू काय निस्तरलंस तेही लिही, म्हणजे पुढचं सगळं ते सरळ मनाने वाचतील.